संवेदनशील त्वचेसाठी सौम्य साबण, शाम्पू आणि क्रीम कसे निवडावे

‘सौम्य’, ‘संवेदनशील त्वचेसाठी’, ‘हायपोॲलर्जेनिक’, ‘त्वचारोगतज्ज्ञांनी तपासलेले’ असे शब्द छापलेल्या बाटल्यांना तोटा नाही, आणि तरीही ज्यांची त्वचा चटकन लाल होते, चुरचुरते किंवा खाजते अशा माणसांना त्यांतल्या कित्येक बाटल्या मानवत नाहीत. या शब्दांपैकी बहुतेकांना कायद्याने पक्का अर्थ दिलेला नाही, हे त्यामागचे एक कारण आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७५ साली ‘हायपोॲलर्जेनिक’ हा शब्द वापरायचा असेल तर तो माणसांवरील चाचणीने सिद्ध करावा असा नियम केला होता. उत्पादक न्यायालयात गेले आणि १९७७ मध्ये तो नियम रद्द झाला. तेव्हापासून तिथे हा शब्द कंपनी म्हणेल त्या अर्थाने वापरला जातो. म्हणून वेष्टनाच्या दर्शनी बाजूवरून निवड करू नये. निवड मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेल्या घटकयादीवरून करावी, आणि शेवटचा निर्णय आपल्याच हातावर घेतलेल्या चाचणीवर सोडावा.

आधी त्रास कोणता ते ठरवा

सौंदर्यप्रसाधनांमुळे त्वचेला होणारा त्रास मुख्यतः दोन प्रकारचा असतो, आणि त्यांतला फरक कळल्याशिवाय केलेली खरेदी बहुधा वाया जाते. पहिला प्रकार दाहाचा. तीव्र साबण, वारंवार धुणे, गरम पाणी किंवा आम्लयुक्त क्रीम यांनी त्वचेचा वरचा थर कमकुवत होतो, मग आग होते, त्वचा ओढल्यासारखी वाटते, कोंड्यासारखे पापुद्रे निघतात. हा त्रास कोणालाही होऊ शकतो आणि तो मात्रेवर अवलंबून असतो, म्हणजे वापर कमी केला की कमी होतो. दुसरा प्रकार ॲलर्जीचा. यात शरीराची प्रतिकारयंत्रणा एखाद्या विशिष्ट घटकाला परका म्हणून ओळखू लागते आणि त्यानंतर त्या घटकाचा अगदी थोडा अंशही पुरतो. पुरळ लगेच न उठता साधारणतः एक ते तीन दिवसांनी उठते, त्यामुळे संशय भलत्याच वस्तूवर जातो. शिवाय ही ॲलर्जी वर्षानुवर्षे बिनतक्रार वापरलेल्या वस्तूचीही होऊ शकते. ‘हे तर मी कायम वापरते, यानं कसं काही होईल?’ हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही.

पुरळ कोठे उठले आहे यावरूनही बरेच कळते. पापण्या, कपाळावरची केसांची कड, कानांमागची जागा, मानेच्या बाजू आणि पाठीचा वरचा भाग येथे चट्टे असतील तर चेहऱ्याच्या क्रीमआधी शाम्पू, कंडिशनर किंवा केसांचा रंग तपासावा. डोक्याची त्वचा जाड असते आणि बरेच काही सहन करते; मात्र तेच पाणी ओघळून पापण्यांच्या पातळ त्वचेवर येते आणि त्रास तिथे दिसतो. पापण्यांवरचे पुरळ नखांच्या रंगामुळेही उठते, कारण दिवसभरात बोटे डोळ्यांकडे किती वेळा जातात ते आपल्या लक्षातही येत नाही.

कोंडा, बुरशीचा संसर्ग, सोरायसिस किंवा रोझेशिया (चेहरा सतत लाल पडण्याचा विकार) यांसारखे आजार ‘संवेदनशील त्वचा’ म्हणून अंगावर काढले जातात, हेही ध्यानात ठेवावे. त्यांना औषध लागते, आणि कितीही सौम्य शाम्पू आणला तरी तो त्यांच्यावर उपाय ठरत नाही.

नवे आणण्यापूर्वी जुने थांबवा

त्वचा पेटलेली असताना नवे उत्पादन आजमावू नये, कारण त्या अवस्थेत साधे पाणीही झोंबते आणि चांगल्या वस्तूवरही नाहक ठपका येतो. दोन-तीन आठवडे फक्त गरजेपुरत्या वस्तू ठेवाव्यात: अंग आणि केस धुण्यासाठी सुगंधविरहित सौम्य क्लीन्झर आणि कोरडेपणासाठी साधी पेट्रोलियम जेली. सीरम, टोनर, स्क्रब, अत्तर, केसांचा स्प्रे, सुगंधी ओले कागदी रुमाल (वेट वाइप्स) हे सगळे बाजूला ठेवावे. डॉक्टरांनी दिलेले औषध मात्र त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नये. त्वचा शांत झाल्यावर एका वेळी एकच वस्तू परत सुरू करावी. हे कंटाळवाणे आहे, पण चार नव्या बाटल्या एकदम उघडल्या तर दोषी कोण हे कधीच कळत नाही.

घटकयादी वाचताना

यादीतील घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने दिलेले असतात. एक टक्क्यापेक्षा कमी असलेले घटक मात्र शेवटी कोणत्याही क्रमाने लिहिण्याची मुभा असते. एका नेहमीच्या शाम्पूची यादी साधारण अशी दिसते: पाणी, सोडियम लॉरेथ सल्फेट, कोकॅमिडोप्रोपिल बिटेन, सोडियम क्लोराइड, ग्लिसरिन, परफ्यूम, कोरफडीचा अर्क, सायट्रिक ॲसिड, लिनालूल, लिमोनीन, मिथाइलक्लोरोआयसोथायाझोलिनोन, मिथाइलआयसोथायाझोलिनोन. यातले दुसरे आणि तिसरे नाव फेस आणणाऱ्या द्रव्यांचे आहे, आणि चौथे मीठ म्हणजे शाम्पूला दाटपणा देणारे. ज्या कोरफडीचे चित्र बाटलीवर ठळकपणे छापलेले असते ती सुगंधाच्याही खाली, म्हणजे बहुधा नावापुरतीच आहे. संवेदनशील त्वचेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची नावे यादीच्या तळाशी आहेत, कारण ॲलर्जी झालेल्या माणसाला दशलक्षात काही भाग एवढे प्रमाणही पुरते.

सुगंध हे प्रसाधनांमुळे होणाऱ्या ॲलर्जीचे सर्वांत मोठ्या कारणांपैकी एक आहे. ‘परफ्यूम’, ‘फ्रॅग्रन्स’, ‘अरोमा’ अशा एकाच शब्दाखाली कितीतरी रसायने दडलेली असू शकतात. युरोपीय संघाने २००५ पासून अशी २६ सुगंधी द्रव्ये ठरावीक प्रमाणापुढे असल्यास नावानिशी छापणे सक्तीचे केले, आणि २०२३ मध्ये ती यादी ८० च्या पुढे नेली. वरच्या यादीतले लिनालूल आणि लिमोनीन त्यातलेच. ‘अनसेंटेड’ लिहिलेल्या बाटलीत मूळचा वास झाकण्यासाठी सुगंधी द्रव्य घातलेले असू शकते, त्यामुळे ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ असेच लिहिलेली वस्तू निवडावी आणि तरीही यादीवरून नजर फिरवावी. लहान बाळांसाठीच्या वस्तूंनाही सूट देऊ नये, कारण त्यांतल्या अनेकांना मुद्दाम वास दिलेला असतो.

‘नैसर्गिक’ या शब्दाने तर विशेष सावध व्हावे. लॅव्हेंडर, टी ट्री, संत्र्याची किंवा लिंबाची साल यांची तेले वनस्पतींपासून मिळतात हे खरे, पण त्यांतील लिनालूल आणि लिमोनीनसारखी द्रव्ये हवेशी संयोग पावून अधिक ॲलर्जीकारक होतात, आणि म्हणून अर्धी संपलेली जुनी बाटली नव्या बाटलीपेक्षा जास्त त्रासदायक ठरू शकते. लोकरीपासून मिळणारे लॅनोलिन आणि मधमाश्यांचे प्रोपोलिस हेही नैसर्गिकच आहेत, आणि दोन्ही ॲलर्जीची परिचित कारणे आहेत.

प्रिझर्व्हेटिव्हची गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. पाणी असलेल्या कोणत्याही प्रसाधनात जंतू वाढू नयेत म्हणून काहीतरी घालावेच लागते. पॅराबेन या जुन्या प्रिझर्व्हेटिव्हविषयी ग्राहकांच्या मनात भीती बसली, ‘पॅराबेन-फ्री’ हे विक्रीचे घोषवाक्य झाले, आणि पर्याय म्हणून वापरात आलेल्या द्रव्यांपैकी मिथाइलआयसोथायाझोलिनोनने ॲलर्जीची लाटच आणली. अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचारोगांच्या तज्ज्ञसंस्थेने २०१३ साली त्याला ‘वर्षातील ॲलर्जीकारक’ ठरवले, आणि युरोपीय संघाने २०१७ पासून त्वचेवर राहू द्यायच्या प्रसाधनांत त्याच्यावर बंदी घातली. त्याच तज्ज्ञसंस्थेने २०१९ साली पॅराबेनला मात्र ‘ॲलर्जी न करणारे’ म्हणून तो मान दिला. वेष्टनावरच्या ‘अमुक-विरहित’ या दाव्यासमोर ‘मग त्याऐवजी काय घातले आहे?’ असा प्रश्न म्हणूनच विचारावा. फॉर्माल्डिहाइड हळूहळू सोडणारी डीएमडीएम हायडँटोइन, क्वाटर्नियम-१५, इमिडॅझोलिडिनिल युरिया ही नावे दिसली तर संवेदनशील त्वचेच्या माणसाने ती वस्तू परत फळीवर ठेवलेली बरी.

धुण्याच्या वस्तू

निरोगी त्वचेचा सामू (पीएच) साधारण ४.५ ते ५.५, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो, आणि चरबी व अल्कली यांपासून केलेल्या खऱ्या साबणाचा सामू ९ ते १० च्या घरात असतो. त्वचेच्या वरच्या थरातील सिरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले यांमुळे ओलावा आत राहतो. साबण मळाबरोबर तीही काढून नेतो. म्हणून साबणाऐवजी सोडियम कोकॉइल आयसेथिओनेटसारख्या सौम्य द्रव्यांची ‘सिंडेट’ वडी किंवा कमी फेसाचा द्रव क्लीन्झर वापरावा. फेस जास्त म्हणजे सफाई जास्त ही समजूत सोडणे येथे आवश्यक आहे.

शाम्पूच्या बाबतीत सोडियम लॉरिल सल्फेट हे सर्वांत दाहक द्रव्यांपैकी आहे. प्रयोगशाळेत त्वचेवर मुद्दाम दाह निर्माण करायचा असतो तेव्हा तेच वापरतात. नाव जवळपास सारखे असले तरी सोडियम लॉरेथ सल्फेट त्याच्यापेक्षा सौम्य असते. ‘सल्फेट-फ्री’ शाम्पूत बहुधा कोकॅमिडोप्रोपिल बिटेन किंवा डेसिल ग्लुकोसाइड असते. दाह त्यांनी कमी होतो, पण ॲलर्जी त्यांचीही होते, त्यामुळे सल्फेट नाही एवढ्यावर समाधान मानू नये. केस वाकून, डोके पुढे करून धुवावेत म्हणजे पाणी अंगावर ओघळत नाही, आणि उभे राहूनच धुवायचे असतील तर चेहरा, मान आणि पाठ शेवटी स्वच्छ पाण्याने धुवावी. या साध्या बदलाने अनेकांची मानेची खाज नवा शाम्पू न आणताच कमी होते.

केसांच्या रंगाविषयी जास्तीची सावधगिरी हवी. टिकाऊ गडद रंगांत पॅराफेनिलीनडायमाइन किंवा त्याच्या जवळचे द्रव्य असते आणि त्याची ॲलर्जी झाली तर पापण्या व चेहरा सुजून डोळे उघडेनासे होऊ शकतात. ‘अमोनिया-फ्री’ या शब्दांचा या द्रव्याशी काहीही संबंध नाही. अंगावर नक्षी काढण्यासाठी विकल्या जाणाऱ्या ‘काळ्या मेंदी’तही ते अनेकदा मोठ्या प्रमाणात घातलेले असते, आणि तिने एकदा फोड आले असतील तर केसांच्या रंगाचा प्रयोग घरी अजिबात करू नये.

अंगावर राहणाऱ्या वस्तू

लोशन पातळ असते कारण त्यात पाणी जास्त असते. पाणी जिथे जास्त तिथे प्रिझर्व्हेटिव्हही लागते. त्यामुळे अतिशय संवेदनशील त्वचेला घट्ट क्रीम किंवा बिनपाण्याचे मलम अधिक मानवते, ते चिकट असले तरी. पेट्रोलियम जेलीची ॲलर्जी अत्यंत विरळ आहे. ग्लिसरिन, डायमेथिकोन आणि सिरामाइडही सहसा सोसतात. युरिया आणि लॅक्टिक ॲसिड एरवी चांगले असले तरी भेगाळलेल्या त्वचेवर झोंबतात. अंघोळीनंतर टिपून घेतलेल्या, किंचित ओलसर अंगावर क्रीम लावल्यास त्याचा उपयोग जास्त होतो. सनस्क्रीन निवडताना झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचे निवडावे.

हातावरची चाचणी

क्रीम, सीरम किंवा सनस्क्रीन विकत घेतल्यावर ते थेट चेहऱ्याला लावू नये. कोपराच्या आतल्या बाजूला, लवणीजवळ, नाण्याएवढी जागा निश्चित करून तिथेच दिवसातून दोनदा थोडेसे लावावे आणि हे सात ते दहा दिवस चालू ठेवावे. एकदा लावून दुसऱ्या दिवशी पाहणे पुरेसे नाही, कारण ॲलर्जी उशिरा उठते. खाज, लाली किंवा बारीक पुटकुळ्या दिसल्या की थांबावे. काही झाले नाही तर जबड्याच्या कडेला काही दिवस लावून मगच चेहऱ्यावर यावे. साबण आणि शाम्पू मात्र असे लावून ठेवू नयेत. धुऊन टाकायची वस्तू त्वचेवर राहिली तर धडधाकट त्वचाही लाल होते आणि निष्कर्ष चुकतो. मानवलेल्या वस्तूच्या घटकयादीचा फोटो काढून ठेवावा, कारण नाव आणि बाटली तीच ठेवून आतले घटक बदलले जातात.

एवढे करूनही पुरळ परत येत असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट करून घ्यावी. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ योसेफ याडासोन यांनी १८९५ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही मुळात तशीच आहे: संशयित द्रव्यांच्या छोट्या पट्ट्या पाठीवर ४८ तास चिकटवतात, मग काढून पाहतात आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. सुईने टोचून किंवा रक्त तपासून केली जाणारी ॲलर्जीची चाचणी वेगळी. ती तत्काळ उठणाऱ्या ॲलर्जीसाठी असते आणि क्रीम किंवा शाम्पूमुळे उशिरा उठणारे पुरळ तिच्यात सापडत नाही. जाताना वापरातल्या सगळ्या बाटल्या बरोबर न्याव्यात. निदान झालेल्या घटकाची सर्व पर्यायी नावे लिहून घ्यावीत, कारण तोच घटक भांड्यांच्या साबणात, कपडे धुण्याच्या द्रवात किंवा भिंतीच्या रंगातही निघू शकतो. घटक पूर्ण टाळल्यावरही त्वचा निवळायला काही आठवडे लागतात, म्हणून पंधरवड्यात फरक दिसला नाही एवढ्यावरून निदान चुकले असे समजून जुन्या बाटल्यांकडे परत वळू नये.