पावसाच्या पाण्याचं पिंप बसवताय? या चुका टाळा

मे महिना संपत आला की निळ्या पिंपांना मागणी येते. दोनशे लिटरचं पिंप, खाली एक तोटी, वर गच्चीचा पाइप, झालं काम, असं व्हिडिओत दिसतं. यातले बरेचसे व्हिडिओ अमेरिकेतले असतात. तिथल्या कित्येक जुन्या शहरांत पावसाचं पाणी आणि सांडपाणी एकाच गटारातून वाहतं, जोराच्या सरीत गटारं तुंबतात, म्हणून तिथल्या पालिका लोकांना सवलतीत पिंपं देतात. तिथे उन्हाळ्यातही अधूनमधून पाऊस होतो आणि दोन सरींच्या मधल्या दिवसांत ते पाणी बागेला घालता येतं. आपला पाऊस चार महिन्यांत उरकतो आणि त्या चार महिन्यांत बागेला पाणी लागतच नाही. हा फरक लक्षात न घेता पिंप बसवलं की ते जूनमध्ये भरतं आणि ऑक्टोबरपर्यंत तसंच उभं राहतं.

म्हणून आधी पाणी रोज कुठे वापरणार ते ठरवा. फ्लश, फरशी, गाडी, पायपुसणी धुणं. पावसाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी रिकामं होणारं पिंपच उपयोगाचं. भरलेल्या पिंपात पुढची सर मावणार नाही.

सांडव्याची सोयच नाही

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. हिशोब सोपा आहे: एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. दहा मीटर बाय पाच मीटरची गच्ची धरा. ५ मिमी पाऊस झाला, म्हणजे एक बरी सर येऊन गेली, की थोडं वाया जाऊनही पिंप जवळजवळ भरलं. पुण्यात एखाद्या दिवशी ५० मिमी पडला तर त्याच गच्चीवरून अडीच हजार लिटर पाणी खाली येतं. दोनशे पिंपात, उरलेलं कुठे? बहुतेक घरांत ते पिंपाच्या काठावरून भिंतीलगत पडतं, जोत्यात मुरतं, आणि श्रावणात आतल्या खोलीच्या भिंतीला ओल दिसायला लागते. मग दोष वॉटरप्रूफिंगवाल्याला.

वरून येणारा पाइप चार इंची असेल तर सांडव्याचा पाइपही चार इंचीच हवा. अर्ध्या इंचाची नळी लावून भागत नाही. ते पाणी पायापासून दहा-बारा फूट लांब, शोषखड्ड्यात किंवा पावसाळी गटारात सोडा. थेट बोअरमध्ये मात्र सोडू नका. गाळणीशिवाय गेलेली गच्चीवरची घाण बोअरच्या पाण्यात जाऊन बसते आणि ती काढणं फार अवघड असतं.

झाकण आहे, पण फट आहे

डेंग्यू पसरवणारा एडीस डास गटारात अंडी घालत नाही, त्याला साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. आपल्या हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. पाइप जिथे झाकणातून आत शिरतो तिथली बोटभर फट त्याला पुरेशी असते. तिथे आणि सांडव्याच्या तोंडावर बारीक नायलॉनची जाळी ताणून बांधा. जाळीवर पानं साचली की पाणी आत जात नाही, तेव्हा दर मोठ्या पावसानंतर ती झटकावी लागते. लहान मुलं असतील तर झाकण घट्ट बसणारं, हाताने सहज न निघणारं हवं. यात तडजोड नको.

अळ्या आहेत का ते बघायचं तर झाकण अलगद उचला आणि पाण्यावर हाताची सावली पाडा. पृष्ठभागाला टेकलेले बारीक धागे वळवळत खाली पळाले, तर त्या अळ्याच. ते पाणी नाल्यात ओतू नका, कोरड्या मातीवर ओता. त्यानंतर पिंपाची आतली बाजू काथ्याने खसखसून घासा, कारण अंडी पाण्यात तरंगत नाहीत, पाण्याच्या रेघेच्या जरा वर भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात. नुसतं पाणी बदलणाऱ्यांकडे अळ्या परत होतात, त्याचं कारण हे. पालिकेचे मलेरिया विभागाचे लोक गप्पी मासे देतात, पण ते हौदासाठी. रिकाम्या होणाऱ्या पिंपात ते मरतील.

पहिलं पाणी भरणं

वळवाच्या पावसाचं पाणी पिंपात घेऊच नका. सहा-आठ महिन्यांची धूळ, कबुतरांची विष्ठा, वाळलेली पानं, सगळं त्यात असतं. मृग लागल्यावरही मोठी उघडीप पडली की पहिल्या सरीचं पाणी बाहेर सोडायला हवं. त्यासाठी पाइपला टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावून खाली पाइपचा उभा तुकडा जोडतात आणि त्याच्या खालच्या तोंडाला झाकण बसवतात. घाण पाणी त्यात साचतं, तो भरला की पुढचं पिंपाकडे वळतं. पाण्याला अंड्यासारखा वास येत असेल तर तळाशी पानं कुजत आहेत, आणि बहुधा हा तुकडा रिकामा करायचा राहून गेलाय.

हे पाणी पिण्याचं नाही, आणि त्याची लाइन पिण्याच्या लाइनला कुठेही जोडायची नाही, व्हॉल्व्ह लावूनसुद्धा नाही.

पिंप आणि त्याची जागा

जुनं पिंप घेताना आधी त्यात काय होतं ते विचारा. खाद्यपदार्थाचं असेल तरच घ्या. रसायनाचं असेल तर कितीही धुतलं तरी नको. भरलेलं पिंप दोनशे किलोंच्या पुढे जातं, त्यामुळे बाल्कनीच्या कडेला किंवा सैल विटांवर ठेवू नका. दोन फूट उंच पक्का ओटा बांधला की बादली तोटीखाली बसते. तोटी तळापासून चार-पाच बोटं वर घ्या, म्हणजे गाळ बाहेर येत नाही. तोटीपाशी झिरपत असेल तर टेफलॉन टेप गुंडाळत बसू नका, टँक निपलचा (पिंपाच्या भोकात बसवून तोटी जोडायच्या जोडाचा) रबरी वायसर आतून बसवलाय का ते बघा. फिकट पिंपात शेवाळ धरतं. त्याला बाहेरून गडद रंग द्या.

सवलतीचा भरवसा

पुणे महापालिका सौरऊर्जा, गांडूळखत आणि पर्जन्यजल यांपैकी एक प्रकल्प असेल तर सर्वसाधारण करात ५ टक्के, दोन असतील तर १० टक्के सूट देते. ही सूट चालू असलेल्या प्रकल्पाला असते. पाहणीला माणूस आला आणि पाइप निखळून पडलेला दिसला तर ती जाऊ शकते. आधी पिंप आणून मग अर्ज करण्यापेक्षा क्षेत्रीय कार्यालयात जाऊन आपल्या घराला नेमकं काय मान्य होईल ते विचारून घ्या, त्यानुसारच प्लंबरला सांगा, आणि साहित्याची पक्की बिलं व काम चालू असतानाचे फोटो जपून ठेवा.

परतीचा पाऊस संपला की पिंप रिकामं करून, घासून, उन्हात वाळवून उपडं ठेवा आणि गच्चीचा पाइप पुन्हा गटाराकडे वळवा.