एक्सएसडीमधले पोटातले एलिमेंट्स कोडने कसे शोधावेत

एक्सएसडी फाइल, म्हणजे एक्सएमएलची रचना कशी असावी हे सांगणारा स्कीमा, हाती आली की पहिला मोह होतो तो ती साधी एक्सएमएल समजून वाचण्याचा. ती एक्सएमएल असतेच, त्यामुळे एक्सपाथ (एक्सएमएलमधले भाग शोधायची भाषा) चालतो आणि थोड्याच वेळात एलिमेंट्सची यादी तयार होते. पण कोण कोणाच्या पोटात आहे, ते त्या यादीतून कळत नाही. ‘ग्राहक’ एलिमेंटचा टाइप, म्हणजे त्याच्या आत काय असेल याचं वर्णन, फाइलच्या दुसऱ्याच टोकाला असतो, कधी वेगळ्या फाइलमध्ये. एखादी ओळ रेफ देऊन नुसती दुसरीकडे बोट दाखवते. आणि एक्स्टेन्शनने, म्हणजे दुसऱ्या (बेस) टाइपमध्ये भर घालून, बनलेल्या टाइपला बेस टाइपकडून मिळालेली मुलं (आतले एलिमेंट्स) त्याच्या मजकुरात दिसतच नाहीत.

हे धागे हाताने जोडू नका. मी एकदा जोडले होते. तिसऱ्या इम्पोर्टनंतर कोड फेकून दिला. ते काम लायब्ररीचं आहे. खालच्या पायऱ्या डॉटनेटच्या आहेत, पण जावातल्या झर्सीसमध्ये किंवा पायथनच्या एक्सएमएलस्कीमा लायब्ररीतही विचार हाच.

आधी एक्सएमएलस्कीमासेट (स्कीमा फाइल्स एकत्र ठेवणारा क्लास) तयार करा, त्याला तक्रारी ऐकणारा व्हॅलिडेशनइव्हेंटहँडलर जोडा, मग फाइल अ‍ॅड करून कंपाइल करा. हँडलर आधीच जोडायचा, कारण इम्पोर्ट केलेली फाइल सापडली नाही तर ती तक्रार फक्त वॉर्निंग म्हणून येते. हँडलर नसेल तर ती गिळली जाते, पुढे ‘अमुक टाइप डिक्लेअर केलेला नाही’ अशी एरर दिसते आणि आपण भलतीकडेच शोधत बसतो. एक्सएसडीची 1.1 आवृत्ती 2012 ची असली, तरी डॉटनेटच्या या लायब्ररीला 1.0 च कळते. स्कीमात असर्ट (नियम लिहिण्याची 1.1 मधली सोय) वापरला असेल तर इथेच अडेल.

कंपाइल झालं की ग्लोबलएलिमेंट्समधून, म्हणजे स्कीमात सर्वांत वरच्या पातळीवर लिहिलेल्या एलिमेंट्समधून, सुरुवातीचा एलिमेंट निवडा. रूट कोणता, हे स्कीमा सांगत नाही. कोणताही ग्लोबल एलिमेंट रूट होऊ शकतो. म्हणून नाव आणि नेमस्पेस तुम्हीच द्यायचं.

निवडलेल्या एलिमेंटचा एलिमेंटस्कीमाटाइप पाहा. सिंपल टाइप असेल तर आत मुलं नाहीत. कॉम्प्लेक्स टाइप असेल तर त्याचं कंटेंटटाइपपार्टिकल घ्या. (पार्टिकल म्हणजे टाइपच्या आतला एखादा एलिमेंट किंवा एलिमेंट्सचा गट.) शेजारीच पार्टिकल नावाची प्रॉपर्टी दिसेल, ती नको. तिच्यात फक्त थेट लिहिलेला मजकूर असतो, आणि एक्स्टेन्शन असेल तर ती नल येते. कंटेंटटाइपपार्टिकलमध्ये बेस टाइपकडची मुलंही आलेली असतात. अ‍ॅट्रिब्यूट्ससाठी याच न्यायाने अ‍ॅट्रिब्यूटयूझेस वापरा.

आता रिकर्सिव्ह, म्हणजे स्वतःलाच पुन्हा बोलावणारं, फंक्शन लिहा. हाती आलेलं पार्टिकल एलिमेंट असेल तर त्याचं नाव वाटेला (रूटपासून इथपर्यंतच्या नावांच्या साखळीला) जोडा आणि त्याच्या टाइपमध्ये उतरा. सीक्वेन्स (ठरलेल्या क्रमाने), चॉइस (यातलं एक) किंवा ऑल (कोणत्याही क्रमाने) असा गट असेल तर त्याच्या आयटम्सवर फिरा, पण वाटेला काही जोडू नका. हे गट एकमेकांत कितीही खोल गुंफलेले असले तरी प्रत्यक्ष एक्सएमएलमध्ये त्यांची पातळी नसते. ‘एनी’ (कोणताही एलिमेंट चालेल अशी मोकळी जागा) भेटलं तर नोंद करून थांबा. पहिलं पार्टिकल सीक्वेन्सच असेल असं मात्र धरून चालू नका. नाव घेताना क्वालिफाइडनेम घ्या, कारण रेफ असेल तिथे साधं नेम रिकामं असतं. शिवाय एलिमेंटफॉर्मडिफॉल्ट न लिहिल्यास लोकल एलिमेंट्सना नेमस्पेसच नसतं, हा फरकही क्वालिफाइडनेममध्ये बरोबर उतरतो.

खरी गंमत पुढे आहे. ‘विभाग’ या टाइपच्या पोटात ‘उपविभाग’ असतो आणि त्याचा टाइप पुन्हा ‘विभाग’च. फंक्शन आत आत जात राहतं आणि स्टॅक ओव्हरफ्लो होतो, जो डॉटनेटमध्ये ट्राय-कॅचने पकडता येत नाही. प्रोग्रॅम सरळ मरतो. यावर सुचणारा उपाय म्हणजे पाहिलेल्या टाइप्सचा सेट ठेवायचा आणि पुन्हा भेटला की सोडून द्यायचा. हा उपाय चुकीचा आहे. ऑर्डरमध्ये ‘बिलाचा पत्ता’ आणि ‘पाठवण्याचा पत्ता’ दोन्ही एकाच ‘पत्ता’ टाइपचे असतील, तर दुसरा गुपचूप रिकामा राहील. म्हणून सेट नव्हे, स्टॅक ठेवा: टाइपमध्ये शिरताना त्याला वर ठेवा, बाहेर पडताना काढा. तोच टाइप सध्याच्या वाटेवर आधीच असेल तरच ते चक्र समजा आणि थांबा.

एलिमेंट सक्तीचा आहे का, हे नुसत्या त्याच्या मिनऑकर्सवरून (किमान किती वेळा यावा, या संख्येवरून) ठरवू नका. बाहेरच्या सीक्वेन्सचा मिनऑकर्स 0 असेल तर आतल्या 1 ला अर्थ नाही. वाटेवरच्या सगळ्या किमान संख्यांचा गुणाकार करत उतरा आणि एकाहून अधिक पर्याय असलेल्या चॉइसच्या फांदीसाठी 0 धरा. कमाल संख्येचा गुणाकार करताना मात्र सांभाळा: अनबाउंडेड (मर्यादा नसलेलं) असेल तिथे मॅक्सऑकर्स म्हणून डेसिमलची कमाल किंमत मिळते. तिला 2 ने गुणलं तरी ओव्हरफ्लो. ती दिसली की गुणाकार सोडून ‘अमर्याद’ अशी खूण ठेवा.

यादी तयार झाली की स्कीमाला पास होणारी एखादी खरी एक्सएमएल फाइल घ्या, तिच्यातली प्रत्येक वाट काढा आणि यादीत शोधा. चक्राच्या आतल्या आणि ‘एनी’खालच्या वाटा सोडून जी सापडत नाही, तिथे बहुतेकदा एक्सएसआय-टाइप (एक्सएमएल फाइलमध्येच एलिमेंटला वेगळा टाइप देणं) किंवा सब्स्टिट्यूशन ग्रुप (एका एलिमेंटच्या जागी चालणारे दुसरे एलिमेंट्स) निघतो. सब्स्टिट्यूशन ग्रुपसाठी सगळ्या ग्लोबल एलिमेंट्सची सब्स्टिट्यूशनग्रुप प्रॉपर्टी वाचून कोण कोणाच्या जागी येऊ शकतो याचा तक्ता सुरुवातीलाच बनवा, आणि फंक्शनमध्ये मूळ एलिमेंट भेटला की त्याच्या बदलीच्या एलिमेंट्समध्येही उतरा.