पहिलीच्या मुलांना शाळेची गोडी लावताना

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरी शिकवते. जूनमध्ये पहिला आठवडा मी पुस्तक उघडतच नाही, सतरंजीवर चिंचोके ओतते.

आधी खेळू द्या. मुलं रांगा लावतात, वाटणी करतात, ‘तुझे जास्त!’ म्हणून भांडतात. गणित तिथूनच सुरू होतं. मध्ये पडू नका, फक्त ‘किती जास्त?’ विचारा. मग दहा-दहा काड्यांना रबर लावून गठ्ठे करायला द्या. स्वतः बांधलेला दशक मूल विसरत नाही.

साहित्य विकत आणायची गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीत बालवाडी सुरू केली, तेव्हा परिसरात मिळणाऱ्या वस्तूंवरच भर दिला होता.

वाचन मुलांच्या नावांपासून सुरू करा. माझ्याकडे हजेरीला प्रत्येकाने आपल्या नावाची चिठ्ठी शोधायची असते. एका मुलीला पंधरा दिवस ती सापडेना. मग एका सकाळी ओरडली, ‘बाई, माझा म!’ त्या दिवशी तिने भिंतीवरचे सगळे म शोधून काढले.

चुकलं तर लाल फुली मारू नका. 27 ऐवजी 72 लिहिणारं मूल नीट ऐकत असतं; ‘सत्तावीस’मध्ये सात आधीच येतो ना! ‘कसं लिहिलंस?’ विचारा आणि ते बोलेपर्यंत थांबा. हे थांबणंच सगळ्यात अवघड.

वहीवर चांदण्या देणं मी बंद केलं. मुलं चित्रापेक्षा चांदण्याच मोजू लागली होती. आता म्हणते, ‘या झाडाबद्दल सांग.’