इजिप्तच्या राजाचा पुतळा कसा वाचावा

संग्रहालयात फेरोच्या, म्हणजे प्राचीन इजिप्तच्या राजाच्या, पुतळ्यासमोर आपण थांबतो, चेहरा बघतो, फोटो काढतो आणि पुढे जातो. माझं सांगणं एवढंच, चेहरा अगदी शेवटी बघा. आधी बाकीच्या खुणा वाचायला शिका. सरावासाठी खाफ्रे या फेरोच्या बैठ्या पुतळ्याइतका चांगला नमुना मला दुसरा माहीत नाही. साडेचार हजार वर्षांपूर्वीचा, 168 सेंटिमीटर उंचीचा हा पुतळा फ्रेंच पुरातत्त्वज्ञ ओग्युस्त मारिएत यांना 1860 मध्ये गिझाच्या मंदिरात सापडला. तो कैरोत आहे, पण सगळ्या बाजूंचे फोटो मिळाले तर घरबसल्याही जमेल.

पहिल्यांदा दगड बघा. हा गडद, अतिशय कठीण, नाइस जातीचा दगड इजिप्तच्या दक्षिणेकडच्या नुबियाच्या वाळवंटातून शेकडो किलोमीटर आणलेला आहे. हात आणि धड यांच्यामधला, पाय आणि आसन यांच्यामधला दगड कोरून काढलेला नाही. मेलेल्या राजाच्या ‘का’ला, म्हणजे प्राणशक्तीला, या मूर्तीत वास करायचा होता. हात तुटून चालणार नव्हतं.

आता आसन. आपण ‘सिंहासन’ म्हणतो तसं हे खरोखरचं सिंहासन आहे, पुढच्या पायांवर सिंहांची तोंडं कोरलेली आहेत. दोन्ही बाजूंना एक चिन्ह दिसेल: श्वासनलिका आणि फुप्फुसं, आणि त्यांना गाठ मारून बांधलेल्या दोन वनस्पती. पपायरस उत्तर इजिप्तचा, लिली दक्षिणेची. त्या फुप्फुसाच्या चिन्हाचा अर्थच ‘जोडणं’. राजा बसलाय तो दोन्ही देशांच्या गाठीवर.

मग डोकं. खांद्यांपर्यंत आलेलं घडीचं शिरोवस्त्र म्हणजे नेमेस. कपाळावर फणा काढलेली नागीण, ती राजाच्या शत्रूंवर आग ओकते अशी श्रद्धा होती. मुकुट असेल तर रंग आठवा: पांढरा दक्षिणेचा, लाल उत्तरेचा, दोन्ही एकत्र असले तर अखंड इजिप्त. हनुवटीची दाढी खोटी, बांधलेली. ती पदाची खूण होती, म्हणूनच राणी हातशेपसुत फेरो झाली तेव्हा तिच्या पुतळ्यांनाही दाढी आली.

यानंतर बाजूला जा. ही पायरी कृपा करून गाळू नका. समोरून खाफ्रे एकटाच दिसतो. दोन पावलं सरकलात की त्याच्या मानेमागे बसलेला ससाणा दिसतो, पंख पसरून राजाचं डोकं दोन्हीकडून कवेत घेतलेला. तो होरस देव. राजा हा पृथ्वीवरचा होरस, हे एकही अक्षर न लिहिता इथे सांगितलंय.

नाव तपासायला विसरू नका. लांबट वर्तुळात कोरलेलं नाव राजाचं असतं, पण रामसेस दुसरा या फेरोने जुन्या राजांच्या कितीतरी पुतळ्यांवर आपलं नाव कोरून घेतलं.

आणि आता चेहरा. खाफ्रेचा शांत, वय नसलेला. मग पुढच्या काळातल्या सेनुस्रेत तिसरा या फेरोचा बघा: डोळ्यांखाली पिशव्या, ओढलेले गाल, मोठे कान, आणि मानेखाली मात्र तरण्या गड्याचं भरदार शरीर. शिल्पकाराने म्हातारपण फक्त चेहऱ्याला दिलंय. दोन्ही फोटो शेजारी ठेवा आणि थोडा वेळ नुसते बघत बसा.