दोन देशांच्या थेट गुंतवणुकीतलं कर्ज: तुलना करताना या चुका टाळा

जपानकडे अमेरिकी सरकारचे किती रोखे आहेत हा आकडा घेऊन त्याला ‘थेट परदेशी गुंतवणुकीतलं कर्ज’ म्हणणं ही मुळातलीच गफलत. ते रोखे पोर्टफोलिओ गुंतवणुकीत (कारभारात हात न घालता नुसते रोखे-शेअर घेणं) किंवा परकीय चलनसाठ्यात धरले जातात. थेट गुंतवणुकीतलं कर्ज म्हणजे नात्यातल्या कंपन्यांची आपापसातली देवाणघेवाण: मूळ कंपनीने परदेशातल्या उपकंपनीला दिलेलं कर्ज, मालाची उधारी, एकमेकींचे घेतलेले रोखे. नातं धरायचं ते एका कंपनीकडे दुसरीतला किमान 10 टक्के मताधिकार असेल तरच.

सगळ्यात जास्त घोळ उणे आकड्यांवरून होतो. आकडा उणे दिसला की तो टायपिंगची चूक समजून काढून टाकला जातो, नाहीतर शून्य केला जातो. कृपया असं करू नका. समजा, मूळ कंपनीने उपकंपनीला 40 कोटी डॉलर दिले आणि पुढे उपकंपनीनेच तिला 55 कोटी डॉलर उसने दिले. गुंतवणूक कुठल्या दिशेने गेली त्यानुसार मोजलं, तर उपकंपनीच्या देशात आलेलं कर्ज उणे 15 कोटी डॉलर होतं, आणि ते बरोबर आहे. मालमत्ता आणि देणी वेगळी मांडली, तर त्याच व्यवहाराची उपकंपनीच्या देशाकडे 55 कोटींची मालमत्ता आणि 40 कोटींचं देणं दिसतं. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या समन्वित थेट गुंतवणूक सर्वेक्षणात पहिली पद्धत असते, देशांच्या आंतरराष्ट्रीय गुंतवणूक स्थितीच्या तक्त्यात (देशाची परदेशातली मालमत्ता आणि परदेशांची देणी) सहसा दुसरी. एका देशाचा आकडा इथून आणि दुसऱ्याचा तिथून उचलला, की पुढची सगळी मेहनत वाया.

आलेखातली कर्जाची रेषा खाली गेली म्हणजे कर्ज फिटलं, असंही नाही. येनमध्ये दिलेलं 1,150 कोटींचं कर्ज घ्या. 2021 अखेरीस डॉलर साधारण 115 येनचा होता, म्हणजे ते 10 कोटी डॉलर भरलं. 2022 अखेरीस डॉलर 131 च्या आसपास गेला आणि तेच कर्ज जेमतेम 8.8 कोटी डॉलरचं दिसू लागलं. एक येनही परत आला नव्हता. म्हणून मी आधी स्थानिक चलनातली रेषा काढते, डॉलरची नंतर.

जुन्या वर्षांच्या आकड्यांच्या मालिका जोडतानाही जपा. देशाच्या परदेशांशी झालेल्या व्यवहारांचा हिशेब कसा ठेवायचा ते सांगणाऱ्या नाणेनिधीच्या व्यवहारतोल पुस्तिकेची सहावी आवृत्ती 2009 मध्ये आली. तिच्यानुसार नात्यातल्या बँकांमधलं कायमस्वरूपी (भांडवलासारखं टिकून राहणारं) कर्जही थेट गुंतवणुकीतून वगळलं गेलं. ती पद्धत देशांनी वेगवेगळ्या वर्षी स्वीकारली, त्यामुळे एखाद्या देशाच्या आलेखातली उडी निव्वळ व्याख्येची असू शकते. नाणेनिधीच्या सर्वेक्षणाचे आकडेही 2009 अखेरपासूनच आहेत.

रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे. एकदोनच कंपन्या असतील तर आकडा गोपनीय ठेवतात.

नेदरलँड्स किंवा लक्झेंबर्ग गुंतवणूकदार देशांच्या यादीत वर दिसले तर थांबा. सर्वेक्षणात पैसा शेवटच्या टप्प्यात ज्या देशातून आला तो देश नोंदवतात, पैशाच्या मूळ मालकाचा नाही, आणि या दोन्ही देशांतून बराच पैसा नुसता पुढे जातो.

अ देशाने ब मध्ये दिलेलं कर्ज आणि ब ने अ कडून आलेलं म्हणून नोंदवलेलं कर्ज क्वचितच जुळतं. दोन्ही रेषा एकाच आलेखावर ठेवा. फरक दरवर्षी साधारण तेवढाच राहिला तर कल वाचता येतो. एखाद्या वर्षी अचानक फाकला, तर त्या वर्षाच्या पद्धतीच्या टिपा आधी उघडा.