नोत्र दामची ओळख: आधी एकच खिडकी

चार ते सात वर्षांच्या मुलांपुढे पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचे संपूर्ण चित्र रंगवायला ठेवू नये. मनोरे, कमानी आणि राजांच्या २८ पुतळ्यांची ओळ पाहूनच मूल थकते आणि सगळी इमारत एकाच करड्या खडूने खरडून मोकळे होते. त्याऐवजी उत्तरेकडची गोल खिडकी घ्यावी. १२५० च्या सुमाराची ही खिडकी जवळजवळ १३ मीटर रुंद आहे आणि तिच्यातली बरीचशी काच अजूनही त्याच काळातली आहे.

बडोद्यात एक सोय आहे. लक्ष्मी विलास राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये बेल्जियमच्या रंगीत काचांच्या खिडक्या आहेत; त्या आधी दाखवाव्यात आणि काचांमधल्या काळ्या रेषांकडे मुलांचे लक्ष वेधावे. अशा खिडक्यांत शिशाच्या पट्ट्यांनी तुकडे एकमेकांना जोडलेले असतात. हे समजले की रेषेबाहेर रंग का जाऊ द्यायचा नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही.

मग पातळ कागदावर ताटली ठेवून गोल काढावा, तो कापून तीनदा दुमडावा आणि उघडावा. मूळ खिडकीत मध्याभोवती १६ पाकळ्या आहेत, पण लहान हातांना आठ पुरेत. वाटीने मधला गोल काढून सगळ्या रेषा काळ्या मेणखडूने जाड कराव्यात. एका तुकड्यात एकच रंग, एवढाच नियम ठेवावा. मूळ खिडकीत निळा-जांभळा अधिक आहे हे सांगावे, पण मुलाने पोपटी निवडल्यास टोकू नये.

रंगवून झाल्यावर कागदाच्या मागून कापसाने खोबरेल तेलाचा हलका हात फिरवावा, म्हणजे तो अर्धपारदर्शक होतो. कडेची बोटभर पट्टी मात्र कोरडी ठेवावी. पहिल्या खेपेला मी ती ठेवली नव्हती. चिकटपट्टी सुटून सगळे चित्र पडद्यावर पडले आणि तेलाचा डाग अजून आहे. उन्हाच्या खिडकीला चित्र लावले की जमिनीवर रंग उतरतात, आणि मुले चित्र सोडून तेच पाहत बसतात.

याच वेळी आगीची गोष्ट सांगावी: १५ एप्रिल २०१९ रोजी छत आणि उंच शिखर जळाले, तिन्ही मोठ्या गोल खिडक्या वाचल्या, आणि डिसेंबर २०२४ मध्ये दारे पुन्हा उघडली. पुढच्या बैठकीला गार्गॉइल घ्यावे. देवळाच्या गोमुखातून अभिषेकाचे पाणी पडते, तसे या दगडी प्राण्यांच्या तोंडातून छतावरचे पावसाचे पाणी भिंतीपासून दूर पडते, एवढे सांगितले की पाण्याची धार मुले स्वतःच काढतात.