सोल्यूशनच्या डब्यापासून नायट्रिकच्या कॅनपर्यंत : एसडीएस कसा वाचायचा

रसायनाचा एसडीएस (सेफ्टी डेटा शीट, म्हणजे सुरक्षिततेचं माहितीपत्रक), पुष्कळांच्या तोंडचा एमएसडीएस, बहुतेक ठिकाणी ऑफिसच्या फाईलमध्ये असतो. त्याची खरी गरज मात्र डबा उघडणाऱ्याला असते. घातक रसायनांच्या १९८९ च्या नियमांतही तो मागेल त्याला दाखवायची तरतूद आहे, म्हणून पुरवठादाराकडे बिनदिक्कत मागा.

त्यात ठरलेल्या क्रमाने १६ भाग असतात. ते ओळीने वाचायची गरज नाही. कोल्हापुरात सुभाषनगर, जवाहरनगरात चप्पल चिकटवायला वापरतात तसं टोल्युइन या द्रावकाचं सोल्यूशन समोर ठेवून पाहू.

आधी भाग १ मधलं मालाचं आणि कंपनीचं नाव डब्याशी ताडून पाहा. नुसत्या टोल्युइनचा कागद सोल्यूशनला चालत नाही, कारण त्यात रबर, रेझिन आणि इतर द्रावकंही असतात. मग भाग ३ मध्ये घटक आणि टक्केवारी बघा. टोल्युइनचा कॅस क्रमांक, म्हणजे रसायनाचा ठरलेला ओळख क्रमांक, १०८-८८-३ आहे. नावं बदलतात, हा क्रमांक बदलत नाही.

भाग २ मध्ये धोके असतात, ‘एच’ने सुरू होणाऱ्या कोडांसह. एच२२५ म्हणजे द्रव आणि वाफ अतिज्वलनशील. एच३६१डी म्हणजे पोटातल्या बाळाला अपाय होण्याची शंका. घरातल्या बायका याच खोलीत काम करत असतील तर हे वाक्य त्यांना मराठीत सांगितलंच पाहिजे.

आता भाग ९. इथे घाई करू नका. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून वाफ ठिणगीने पेटू शकते ते, सुमारे ४ अंश सेल्सिअस. कोल्हापूरच्या थंडीतही पारा तिथवर उतरत नाही, म्हणजे उघड्या डब्यावर पेट घेण्याजोगी वाफ बारा महिने असते. वाफेची घनता हवेच्या तिप्पट, त्यामुळे ती जमिनीलगत पसरते, आणि कारागीर बसतो जमिनीवरच. छताजवळचा एक्झॉस्ट पंखा तिला नीट ओढत नाही. हवा खालून बाहेर जाईल अशी वाट ठेवा. शेगडी, उदबत्ती, ठिणगी उडणारा स्विच त्या खोलीत नको.

भाग ८ मध्ये नुसतं ‘योग्य हातमोजे वापरा’ लिहिलं असेल तर पुरवठादाराला मोज्याचं मटेरियल आणि रसायन आरपार जायला लागणारा वेळ विचारा. साधे रबरी आणि निळे नायट्रिल मोजे टोल्युइनपुढे फार वेळ टिकत नाहीत. व्हायटॉन या खास रबराचे टिकतात, पण महाग पडतात. कापडी किंवा धुळीचा मास्क वाफ अडवत नाही. वाफेसाठी सेंद्रिय वाफांचं कार्ट्रिज, म्हणजे गाळणीची डबी, असलेला मास्क लागतो.

भाग ४ अपघाताआधी वाचायचा. सोल्यूशन पोटात गेलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. उलटीतून द्रावक फुफ्फुसात उतरतं आणि ते जास्त घातक ठरतं. एच३०४ हा कोड तेच सांगतो.

माल बदलला की नियमही बदलतात. हुपरीत चांदीकामाला लागणारं नायट्रिक ॲसिड सांडलं तर भुसा टाकू नका, तो पेटू शकतो. त्याचा तांबडा धूर छातीत गेला तर माणूस आधी ठीक वाटतो आणि काही तासांनी त्याला धाप लागते, म्हणून लगेच दवाखान्यात न्या. इचलकरंजीतल्या कापड रंगाईचा हायड्रो (सोडियम हायड्रोसल्फाइटची पावडर) थोड्या ओलीनेही तापतो आणि पेटतो. एकदा पेटला की जळायला त्याला हवा लागत नाही, म्हणून वाळूने झाकून तो विझत नाही. भरपूर पाणीच मारावं लागतं. हे सगळं भाग ५, ६ आणि १० मध्ये सापडतं.

शेवटी एका कार्डावर चार ओळी मराठीत लिहा : काय पेटतं, कशाजवळ ठेवू नये, कोणते मोजे, डोळ्यात किंवा पोटात गेल्यास काय करायचं. खाली १०१ आणि १०८ लिहा आणि कार्ड डब्याजवळ टांगा. पूर्ण एसडीएसची एक झेरॉक्स दाराशी ठेवा. रुग्णाला सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, नेताना ती बरोबर घ्या; काय अंगावर पडलं हे डॉक्टरांना भाग ३ वरून लगेच कळतं.